लेखकाला पहिला मेसेज करण्याआधी: ऑनलाइन वाचन गटातून मैत्री जुळवण्याची रीत

"नमस्कार सर, आपलं लेखन खूप भावतं. मीही थोडंफार लिहितो. सोबत माझी कादंबरी जोडत आहे, सवडीने वाचून अभिप्राय कळवावा ही नम्र विनंती." आणि खाली दोनशे चाळीस पानांची पीडीएफ.

मी सात वर्षं एका ऑनलाइन वाचन गटाचं काम पाहते आहे. गटात नुसते वाचक आहेत, लिहू पाहणारे आहेत आणि पुस्तकं प्रसिद्ध झालेले लेखकही आहेत. हा मेसेज, थोड्याफार फरकाने, गटातल्या जवळजवळ प्रत्येक लेखकाने मला दाखवलाय. दर वर्षी तीन-चार लेखक काही न बोलता गट सोडतात, आणि मागे राहिलेले वाचक म्हणतात, "लेखक शिष्टच असतात." माणसं दोन्हीकडची चांगली असतात. चुकतो तो क्रम. आधी वाचायचं, मग वाचलेल्याबद्दल बोलायचं, त्यातून ओळख व्हायची, आणि काही मागायचं असेल तर ते अगदी शेवटी. बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात.

१. तयारी: पुस्तक हातात असतानाच

तयारी गटात होत नाही, वाचताना होते. पुस्तकात कागदाची एक पट्टी ठेवा. जिथे थांबलात, मागे जाऊन पुन्हा वाचलंत किंवा काही खटकलं, त्या जागेचा पान क्रमांक आणि चार शब्द त्या पट्टीवर लिहा. पुस्तक संपेपर्यंत अशा तीन-चार नोंदी झाल्या तरी पुष्कळ.

मग श्रेयपान उघडा. आवृत्ती कोणती, साल कोणतं, हे टिपून घ्या. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, आणि तुम्हाला सापडलेली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालेली असू शकते. ई-पुस्तक असेल तर प्रकरणाचं नाव लिहा. ऐकलेलं पुस्तक असेल तर प्रकरण आणि मिनिट. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर छापलंय तसंच उतरवा. कुलकर्णी वेगळे आणि कुळकर्णी वेगळे, मृणाल वेगळी आणि मृणाली वेगळी. स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेला मेसेज लेखक वाचतो, पण मनातून अर्धा बाजूला ठेवून.

तपासा: हे पुस्तक वाचलं नसतं तर मला सांगताच आली नसती, अशी एक तरी गोष्ट तुमच्याकडे आहे का? नसेल तर मेसेज करायची वेळ अजून आलेली नाही.

२. गटात आल्यावर पंधरा दिवस नुसतं वाचा

गट व्हॉट्सॲपवर असो, फेसबुकवर असो की गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर, आधी त्याचे नियम वाचा आणि मागच्या महिनाभराची चर्चा चाळा. इथे नवीन लिहिणारे आपलं लेखन टाकतात का? लेखक स्वतः बोलतात, की नुसतं वाचतात? एखादं पुस्तक नावडलं हे लोक कसं सांगतात? एवढं कळलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

तुमचं नाव पूर्ण ठेवा. "मी एक वेडा वाचक" किंवा नुसतं गुलाबाचं फूल असलेल्या खात्याशी कुणी मैत्री करत नाही. प्रोफाइलमध्ये गाव आणि वाचनाची आवड एवढं लिहिलं तरी पुरे.

गुडरीड्सवर मराठी वाचकांच्या तीन अडचणी नेहमी होतात. एकच मराठी पुस्तक तिथे बरेचदा दोनदा नोंदलेलं असतं, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत. त्यामुळे तुमचा अभिप्राय एकीकडे जातो आणि लेखक पाहतो दुसरीकडे. उपाय सोपा आहे: नावाने न शोधता मलपृष्ठावरच्या आयएसबीएनने, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाने शोधा. भारतीय पुस्तकांचा तेरा अंकी आयएसबीएन ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. दुसरी अडचण ताऱ्यांची. तिथे दोन तारे म्हणजे "ठीक" आणि तीन तारे म्हणजे "आवडलं". शाळेतल्या गुणांच्या सवयीने आपले लेखक पाचपैकी तीन पाहून हिरमुसतात आणि वाचकाला कळतच नाही की काय बिघडलं. म्हणून नुसते तारे देऊन थांबू नका, दोन ओळी लिहाच. तिसरी अडचण म्हणजे फॉलो आणि फ्रेंड यांतली गल्लत. फॉलो करायला लेखकाची परवानगी लागत नाही आणि त्याचं नवं पुस्तक, नवी नोंद तुम्हाला कळत राहते. फ्रेंड रिक्वेस्ट ही विनंती असते. ती चार-पाच वेळा बोलणं झाल्यावर पाठवा.

इशारा: व्हॉट्सॲप गटात सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात. नंबर दिसतो याचा अर्थ फोन करायची परवानगी मिळाली असा नाही.

३. आधी गटात लिहा, खाजगीत नाही

ही पायरी गाळली जाते आणि म्हणूनच पुढचं सगळं अडतं. गटात तुम्ही मोकळेपणाने लिहिलेलं लेखकाने पाहिलेलं असेल, तर तुमचा खाजगी मेसेज अनोळखी माणसाचा राहत नाही.

सात-आठ ओळी लिहा. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, तुम्ही वाचलेली आवृत्ती, एक आवडलेली जागा, एक न पटलेली जागा, आणि हे पुस्तक कुणाला आवडेल. शेवट उघड करू नका, करावाच लागला तर आधी तसं सांगा. "अप्रतिम", "निःशब्द", "एकदा तरी वाचावंच असं" हे शब्द कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून ते कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. "शाळेत हजेरी घेताना ती मुलगी स्वतःचं नाव आल्यावर गप्प राहते, तिथे मी पुस्तक खाली ठेवलं," हे मात्र फक्त त्याच पुस्तकाबद्दल असतं.

नावडलेलंही लिहा, आणि पुस्तकाबद्दल लिहा. "शेवटची तीस पानं घाईत उरकल्यासारखी वाटली" हे मत झालं. "लेखकाला शेवट जमलाच नाही" हा माणसावरचा शेरा झाला. पुस्तक आवडलं नसेल तेव्हा लेखकाला टॅग करू नका. तो गटात असेल तर वाचेल, नसेल तर त्याला ओढून आणायचं कारण नाही.

तपासा: लिहिलेल्यातून पुस्तकाचं नाव काढलं तर बाकीचा मजकूर दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला चालेल का? चालत असेल तर पुन्हा लिहा.

४. पहिला खाजगी मेसेज

इथे सविस्तर सांगते, कारण सर्वाधिक ओळखी इथेच तुटतात.

आमच्या गटात इचलकरंजीचे एक वाचक आहेत, यंत्रमागावर काम करतात. यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतली एक कादंबरी त्यांनी वाचली. गटात आधी आवडलेल्या गोष्टी लिहिल्या. एक चूक त्यांना दिसली होती, ती मात्र त्यांनी तिथे काढली नाही. दोन आठवड्यांनी लेखिकेला हा मेसेज केला. दोघांच्या परवानगीने इथे देते (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा तुकडा, कांडी म्हणजे त्यात बसवलेली धाग्याची गुंडाळी):

"नमस्कार. मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो, आपल्या वाचन गटात आहे. तुमची कादंबरी दोनदा वाचली. पहिल्या आवृत्तीत पान ११२ वर थोरला भाऊ पाळी संपेपर्यंत जागचा हलत नाही आणि माग चालू राहतो असं आलंय. साध्या मागावर धोट्यातली कांडी काही मिनिटांतच संपते, ती बदलायला उठावंच लागतं. पण त्याच पानावर तो घरी आल्यावरही ओरडून बोलतो, हे इतकं खरं आहे की माझ्या बायकोने ते पान मलाच वाचून दाखवलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं की तुम्ही स्वतः ऐकलंत? उत्तराची घाई नाही."

या मेसेजमध्ये काय काय आहे ते पाहा. आपण कोण आणि कुठले, हे एका ओळीत आलं. पुस्तक खरंच वाचल्याची खूण आहे, तीही आवृत्ती आणि पान सांगून. चूक सांगितली आहे, पण ती सांगणाऱ्याला तो विषय ठाऊक आहे आणि त्याने ती चारचौघांत काढलेली नाही. कौतुक आहे, पण ते एका विशिष्ट वाक्याचं. प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर फक्त लेखिकाच देऊ शकेल असा. मागणी कुठलीही नाही. लेखिकेने नवव्या दिवशी उत्तर दिलं आणि उलट विचारलं, "धोटा उडतो म्हणतात, तेव्हा नेमकं काय होतं?" तिथून पुढे दोघांचं बोलणं सुरू झालं.

तुमचा मेसेज लिहिताना एवढं सांभाळा:

संबोधन: "नमस्कार" आणि "तुम्ही" कुठेही चालतं. पहिल्याच मेसेजमध्ये ताई, दादा, काका नको. लेखकाने स्वतः उत्तराखाली तशी सही केली किंवा गटात सगळे तसंच म्हणत असतील तर पुढे म्हणा. वयाने लहान लेखकालाही आपणहून "तू" म्हणू नका.

लांबी: फोनच्या एका पडद्यावर मावेल इतकी. लांब लिहायचं असेल तर ईमेल करा, पण पत्ता पुस्तकात छापलेला असेल तरच. प्रकाशकाकडे पत्र पाठवलं तर तेही लेखकापर्यंत पोचतं आणि अनेक लेखक ते जपून ठेवतात.

लिपी: मराठी देवनागरीत लिहा, युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधला मजकूर समोरच्याला चौकोन आणि खुणा दिसतो. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, कीबोर्डने आपणहून बदललेले शब्द तेव्हाच सापडतात.

वेळ: सकाळी नऊ ते रात्री नऊ. यापलीकडे काहीही कारण असलं तरी नाही.

इशारा: लेखिकांना रात्री साडेअकराला "झोपलात का?" असे मेसेज येतात, फोटोंवर टिप्पण्या येतात, आणि पाठवणारा "मी तर चाहता आहे" म्हणतो. ही मैत्री नाही. असा मेसेज आला तर उत्तर न देता स्क्रीनशॉट घेऊन अ‍ॅडमिनला पाठवा आणि ब्लॉक करा. अ‍ॅडमिन असाल तर पहिल्याच तक्रारीला त्या माणसाला गटातून काढा. समज देऊन पाहू म्हणालात, तर त्याच्या आधी लेखिका गटातून निघून जातात.

५. मग थांबा

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, की मन खट्टू होतं. मला ते कळतं. पण बहुतेक मराठी लेखक नोकरी, शिकवणी, घर सांभाळून लिहितात आणि सगळा पत्रव्यवहार एखाद्या रविवारी उरकतात. तीन आठवडे थांबा. दुसरा मेसेज, प्रश्नचिन्हं, "पाहिलंत का?", फोन, यातलं काही नको. रोज सुप्रभातचं चित्र तर मुळीच नको, त्यात तुमचा खरा मेसेज वर सरकून दिसेनासा होतो. तीन आठवड्यांनंतरही उत्तर नसेल तर तो विषय सोडा आणि गटात वाचत-लिहीत राहा. लेखकाचं दुसरं एखादं पुस्तक वाचून झालं, की पुन्हा एकदा लिहायला हरकत नाही.

६. उत्तर आल्यावर

पहिली चूक आनंदातच होते: उत्तराचा स्क्रीनशॉट गटात टाकला जातो. एका लेखकाने वाचकाला आपल्या आईच्या आजारपणाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत तीन गटांत फिरल्या. त्या लेखकाने त्यानंतर कुणालाही खाजगीत उत्तर दिलेलं नाही. खाजगी ते खाजगी. दाखवायचंच असेल तर विचारून दाखवा.

दुसरी चूक म्हणजे इतर लेखकांबद्दल खोदून विचारणं. "अमुक लेखकाचं तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न सहज वाटतो, पण समोरच्याला खिंडीत गाठतो. त्यापेक्षा विचारा, "सध्या काय वाचताय?" लेखक हाही आधी वाचक असतो आणि हा प्रश्न त्याला फार कमी वेळा विचारला जातो. त्याने सांगितलेलं पुस्तक खरोखर मिळवून वाचलंत आणि महिनाभराने त्याबद्दल लिहिलंत, तर मैत्री सुरू झाली असं समजा.

७. लेखकांसाठी: तुमच्याकडूनही चुका होतात

वाचन गटात आपल्या पुस्तकाची जाहिरात टाकून निघून जाऊ नका. दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल तीन वेळा लिहा, मग एकदा स्वतःच्या. तुम्ही वाचता हे दिसलं, की वाचक आपणहून तुमचं पुस्तक शोधतात.

प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देऊ नका. पुस्तक समजावून सांगू नका, मित्रांना तिथे पाठवू नका. माहितीची चूक कुणी दाखवली तर मात्र लगेच आभार माना, आपल्या प्रतीत पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. मराठीत पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची, आता पाचशेचीही निघते. दुरुस्तीची संधी त्यामुळे लवकर येते आणि वाचकाला ती दुरुस्ती दिसली, की तो ते विसरत नाही.

उत्तराला वेळ नसेल तर तीन ओळी लिहा. "पत्र वाचलं, पान ११२ चं म्हणणं पटलं, सविस्तर नंतर लिहिते." एवढ्याने समोरचा माणूस महिनाभर थांबायला तयार होतो. भेट दिलेल्या पुस्तकाच्या बदल्यात पाच तारे मागणं मात्र सोडा. वाचक ते देतो आणि त्यानंतर तुमच्याशी खरं बोलणं थांबवतो.

तपासा: गटातल्या तुमच्या शेवटच्या दहा पोस्ट पाहा. त्यातल्या किती दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दल आहेत?

८. ऑनलाइन गप्पा ठरवताना

सात-आठ जणांनी एकच पुस्तक वाचलेलं असेल तर लेखकाला तासाभराच्या गप्पांना बोलवा. वाचलेली माणसं चारपेक्षा कमी असतील तर बोलावू नका, ते त्याच्यावर अन्याय करणारं ठरतं. बोलावण्यातच तारीख, वेळ, किती जण आणि कुणी काय वाचलंय हे लिहा. मानधन देता येत नसेल तर तेही आधीच सांगा आणि गटाने मिळून पुस्तकं विकत घ्या.

झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटची तिघे किंवा त्याहून अधिक असतील तर ६० मिनिटांत. ऐन रंगात बैठक बंद पडली, की परत येणारे निम्मेच असतात. म्हणून वेळेचं गणित आधी करा. परदेशातले सभासद असतील तर रविवारी रात्री आठची वेळ बरी पडते. तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. हिवाळ्यात तिथली घड्याळं मागे जातात, तेव्हा या तिन्ही वेळांतून एक तास वजा करा.

प्रश्न दोन दिवस आधी गोळा करून लेखकाला पाठवा. "लिहायची प्रेरणा कुठून मिळते?" हा प्रश्न वगळा, त्याचं उत्तर प्रत्येक मुलाखतीत देऊन झालेलं असतं. सुरुवात लेखकाच्या परिचयाने न करता, एका वाचकाने आवडलेला अर्धा परिच्छेद वाचून करा. लेखक तिथेच मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

९. आता मागणी

चार-सहा महिने बोलणं झाल्यावर स्वतःचं लेखन दाखवावंसं वाटणं स्वाभाविक आहे. आधी विचारा, मग पाठवा. "माझी एक कथा आहे, पाच पानांची. वाचायला सवड होईल का? नाही म्हणालात तरी काही वाटणार नाही." पाच पानंच पाठवा, सर्वांत चांगली, आणि नेमकं काय हवंय ते सांगा: शेवट कळतो का, संवाद खरे वाटतात का. प्रस्तावना, प्रकाशकाकडे शिफारस, पुरस्कारासाठी शब्द टाकणं, हे मागू नका. द्यायचं असेल तर लेखक स्वतःहून देतो.

त्याच्या पुस्तकाची पीडीएफ तर कधीही मागू नका आणि कुणी टाकली तर पुढे पाठवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या पुस्तकाची चोरटी प्रत मित्रच वाटतोय हे कळल्यावर कुणाचंही मन दुखावेल.

सहीची प्रत हवी असेल तर पुस्तक आधी विकत घ्या. मग लेखकाच्या सोयीने ते पाठवा आणि परतीचा पत्ता लिहिलेलं, टपालखर्च भरलेलं पाकीट सोबत ठेवा. टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा मे २०२५ पासून सुरू आहे. पार्सल कुठे पोचलं हे तिच्यात कळतं, पण ते जमिनीवरून जात असल्याने दिवस थोडे जास्त लागतात.

१०. प्रत्यक्ष भेट

पहिली भेट घरी नको. पुस्तक प्रदर्शन, साहित्य संमेलन, ग्रंथालय किंवा एखादं हॉटेल, जिथे आजूबाजूला माणसं असतील. दोघांनीही कुणाला तरी सोबत आणलं तर संकोच कमी होतो. संमेलनात लेखक सही देत असताना लांब गप्पा सुरू करू नका, मागे रांग उभी असते. "पान ११२ बद्दल मेसेज केला होता तो मी" एवढं म्हणा आणि नंतर कधी वेळ आहे ते विचारा. एक तास पुरे. उठायची घाई लेखकाला करावी लागू नये, ती आपण करावी.

पुढे ती लेखिका आणि तो वाचक इचलकरंजीत भेटले, तेव्हा लेखिका मैत्रिणीला घेऊन गेल्या होत्या. वाचकाने आधीच कळवलं होतं की पाळी बदलायच्या सुमारास या, आणि मागाजवळ धोट्याच्या रेषेत उभ्या राहू नका. त्यांनी पहिल्यांदा कांडी बदलताना पाहिली, हातात घेऊन पाहिली. मागांच्या आवाजात बोललेलं एक अक्षर कुणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून वही उघडली ती समोरच्या चहाच्या टपरीवर. पान ११२ वाचून दाखवणारी वाचकाची बायकोही तिथे आली होती, आणि पुढचा पाऊण तास बहुतेक त्याच बोलत होत्या.